एका घराला दोघी

मी बोलतेय ती राखाडी बादली. पांढरी नव्हे. पांढरीला बघायला माणसं आली, हळहळली, कुणीतरी तिचा फोटोही काढून नेला. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. म्हणून आता मी बोलणार आहे, आणि मधे कुणी तोंड घातलेलं मला चालणार नाही.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. मोडक्या खुर्च्या, फुटके डबे, चाकं निखळलेली खेळणी असं सगळं वितळवून जो लगदा झाला, त्यातून मी निघाले. अशा लगद्यावर कुठलाच रंग धड चढत नाही, म्हणून त्याला राखाडी करून टाकतात. राखाडी रंग कुणी हौसेनं देत नाही. मळ दिसू नये म्हणून देतात. कारखान्यातल्या तपासणाऱ्यानं माझ्या काठावरून बोट फिरवलं, त्याला एक बारीक चीर लागली, तरी तो म्हणाला, "चालतंय, घाण पाण्याला चालतंय." माझा निकाल तिथंच लागला.

दुकानात आम्ही एकीच्या पोटात एक अशा बसलेल्या होतो. एके दिवशी दोन बहिणी आल्या. थोरली उंच, रुंद खांद्यांची. धाकटी बारकी आणि बोलघेवडी. पांढरी बादली त्यांनी पटकन उचलली. दुसरीसाठी मात्र थोरली प्रत्येक बादलीवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान देऊन ऐकायला लागली.

"ताई, बादली घेताय की कलिंगड?" दुकानदार म्हणाला.

"आवाज बघतेय."

"बादलीच्या आवाजाचं काय लोणचं घालायचंय?"

"आम्हाला लागतो," थोरली म्हणाली आणि माझ्यावर येऊन थांबली. माझा आवाज जाड होता, दारापलीकडे जाईल असा. पांढरीला रंगासाठी घेतलं, मला आवाजासाठी.

या दोघी घरं साफ करायच्या. लोकांची. त्यांची एक पद्धत होती आणि ती समजल्याशिवाय माझी गोष्ट समजणार नाही, म्हणून जरा धीर धरा. तुमच्या घरी फरशी पुसायला एकच बादली असेल. फडकं बुडवायचं, पुसायचं, पुन्हा त्याच पाण्यात पिळायचं. दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत पाणी काळं होतं आणि त्यापुढे माणूस घाण पुसत नाही, ती सगळ्या घराला सारखी वाटत सुटतो. फरशी ओली दिसते म्हणून तुम्हाला ती स्वच्छ वाटते. थोरलीला याची भयंकर चीड. तिच्याकडे दोन बादल्या. पांढरीत स्वच्छ पाणी, फडकं बुडवायचं ते तिच्यातच. मळलेलं फडकं पिळायचं ते माझ्यात. माझ्यातलं पाणी पांढरीत कधी जायचं नाही, जीव गेला तरी.

बाथरूम घासायची वेळ आली की थोरली पांढरी बादली घेऊन आत जायची आणि दार लोटून घ्यायची. औषधांचा वास घरभर पसरू नये म्हणून. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती तिची रीत होती: आपण साफ करतोय याचा घरच्यांना त्रास होता कामा नये. कडी मात्र ती कधी लावत नसे. मी दाराबाहेर, उंबऱ्याला चिकटून, आणि माझ्याजवळ धाकटी. तिनं फडकी पिळायची, घाण पाणी ओतून यायचं, आणि मधूनमधून माझ्यावर टकटक करून विचारायचं,

"ताई, आहेस का?"

"आहे गं. तुला सोडून कुठं जातेय?"

थोड्या वेळानं पुन्हा टकटक. "आहेस का?"

"नाही, फिरायला गेलेय. येताना तुला काय आणू?"

घरमालकिणी या बडबडीला वैतागायच्या. काही तोंडावर म्हणायच्या, "जरा हात चालवा, तोंड नको." त्यांना वाटायचं, हा वेळकाढूपणा आहे.

एकदा मात्र माझ्यावर टकटक झाली आणि आतून उत्तर आलं नाही. धाकटीनं पुन्हा वाजवलं. मग तिनं लाथेनं दार उघडलं. थोरली भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, छाती भात्यासारखी. त्या घरातल्यांनी आधीच संडासात ॲसिड ओतून ठेवलं होतं आणि सांगितलं नव्हतं. वर थोरलीचं ब्लीच पडलं. त्या दोन औषधांचं पटत नाही. एकत्र आली की त्यांच्यातून जो वास उठतो, तो माणसाचा श्वास धरून ठेवतो. धाकटीनं बहिणीला बखोटीला धरून ओढत बाहेर काढलं. तेवढ्यात घरमालकीण नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, ते दार तरी लावून घ्या, वास येतोय."

जिन्यात बसून दम खाताना थोरली म्हणाली, "दादाला यातलं काही सांगू नकोस. काम सोडा म्हणेल." आणि मग, "पण आजपासून एक. काही झालं तरी एका घराला दोघी."

दादा म्हणजे त्यांचा भाऊ, दोघींच्या मधला. आईवडील गेल्यावर तिघं एकाच घरात राहायची. भाऊ एका कचेरीत हिशेब बघायचा. सरळ माणूस, जिवाला जीव देणारा, पण सगळं पट्टी लावून आखणारा. आम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाला होता, "दोन-दोन बादल्या? पूर उपसायला चाललाय का?"

कंपनी काढायचं डोक्यात आलं थोरलीच्या. स्वतःची, घरं साफ करणारी कंपनी. नावही तिनंच ठरवलं: 'दोघी'. छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या एका संस्थेनं सांगितलं, आधी बिझनेस प्लॅन लिहून आणा. सुट्टीच्या दुपारी स्वयंपाकघरात प्लॅन लिहायला तिघं बसली. खुर्च्या दोनच. तेव्हा थोरलीनं मला उपडी केली आणि माझ्यावर बसली. त्या प्लॅनचा शब्द न् शब्द मी तिच्या वजनाखाली ऐकलेला आहे.

"कंपनीचं उद्दिष्ट काय?" भावानं पेन सरसावून विचारलं.

"कुणी आम्हाला 'ए बाई' म्हणू नये," थोरली म्हणाली.

"ताई, असं नसतं लिहायचं."

"मग विचारतोस कशाला?"

त्यानं लिहिलं, 'ग्राहकांना दर्जेदार सेवा देणे.' थोरलीनं ते वाचायला सांगितलं आणि म्हणाली, "हे कुणाचं उद्दिष्ट आहे? माझं तर नाही."

"पुढे चल. प्रतिस्पर्धी कोण?"

"प्रत्येक घरातली सासू," धाकटी म्हणाली. "तिच्यासारखी फरशी जगात कुणालाच पुसता येत नाही."

भाऊसुद्धा हसला. त्यानं 'स्थानिक पातळीवर स्पर्धा मर्यादित' असं काहीतरी लिहिलं. ग्राहक, जाहिरात, सामान, गणवेश अशी पानं भरत गेली. थोरलीला गणवेश निळा हवा होता, पाठीवर नाव, आणि दारावर पाटी. पाटीचा विषय निघाला की तिचा चेहरा उजळायचा, आणि ती माझ्यावर पुढेमागे हलायला लागायची. मग 'जोखीम' असं शीर्षक आलं.

"यात काय लिहू?"

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. "लिही, एका घराला दोघी. एकटीला कुठल्याही घरी पाठवायचं नाही."

"ही जोखीम नाही, हा नियम झाला."

"मग नियम म्हणून लिही. पहिल्या पानावर."

"पण का?"

"मी सांगतेय म्हणून."

बस. एवढंच. धाकटीनं तोंड उघडलं, थोरलीनं तिच्याकडे डोळे वटारले, आणि तोंड बंद झालं. भावानं नियम लिहिला, कारण लिहिलं नाही. ते त्याला ठाऊकच नव्हतं. मी उपडी, माझं तोंड जमिनीला. आणि कारणाशिवाय लिहिलेली ओळ खोडायला फार सोपी जाते.

संस्थेच्या कचेरीत थोरलीनं आम्हा दोन्ही बादल्यांना बरोबर नेलं. काम कसं करतो ते दाखवायला नको का, असं तिचं म्हणणं. दारावरच्या रखवालदारानं बघितलं आणि म्हणाला, "सफाईवाल्या मागच्या दारानं." भावानं कागद पुढे केले तेव्हा कुठे त्यानं पुढचं दार उघडलं.

आतल्या मॅडम वाईट नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण तुम्हाला एखादी दुष्ट बाई हवी असेल आणि ती मी देणार नाही. त्यांनी तिघांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, प्लॅन नीट वाचला.

"दोघी. नाव छान आहे. लक्षात राहतं." मग पहिल्याच पानावर त्यांचं बोट थांबलं. "पण एका घराला दोन बायका? कशाला? गप्पा मारायला?"

"हो, गप्पाच मारायला," धाकटी फटकन म्हणाली. थोरलीनं तिचा पाय दाबला.

"तसं नाही मॅडम. एक आत असते, एक बाहेर."

"बाहेरची काय करते?"

"विचारते."

"काय विचारते?"

थोरलीनं भावाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, उत्तराची वाट बघत. तिनं खाली पाहिलं, माझ्याकडे. तिच्या पायाशी मी होते. एकदा वाजवलं असतं तरी मी सांगितलं असतं सगळं.

"काही नाही," थोरली म्हणाली. "असंच आपलं."

"हे बघा, काहीच न करणाऱ्या माणसाचा पगार कुठल्याच प्लॅनमध्ये बसत नाही. दोघींनी दोन घरं करा, काम दुप्पट होईल. एवढं बदलून आणा, मी पुढे पाठवते. नाव मात्र राहू द्या, नाव छान आहे."

घरी आल्यावर धाकटी भांडायला उठली.

"ताई, सांग त्याला. आत्ता सांग."

"काय सांगायचंय?" भाऊ म्हणाला.

"काही नाही रे. हिला एकटीला जायची भीती वाटते." थोरली हसत होती, पण माझ्यावर बसलेली होती म्हणून सांगते, तिचे पाय हसत नव्हते. "अगं, आधी पाटी तर लागू दे. आणखी बायका आल्या की पुन्हा दोघी-दोघी जाऊ. तोवर काय, मी काय लहान आहे?"

"तू शब्द दिला होतास."

"मग आता परत घेतला. खोड रे ती ओळ."

भावानं पट्टी ठेवली आणि ओळ खोडली. नीटनेटकी, एका रेघेत. त्याला वाटलं, आपण बहिणीचं भलं करतोय. बहिणीलाही तसंच वाटलं. त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाच्याही मनात पाप नव्हतं, आणि मला राग येतो तो याचाच.

कर्ज मंजूर झालं. निळे गणवेश आले. दारावर पाटी लागली आणि थोरली येता-जाता ती फडक्यानं पुसायला लागली. "अगं, झिजेल ती," धाकटी म्हणायची. "झिजू दे, नवी करू," थोरली म्हणायची. पांढरी बादली तिच्याबरोबर जायला लागली, मी धाकटीबरोबर. स्वच्छ पाणी एका घरात, घाण पाणी दुसऱ्या. आता दोघींकडे एकेकच बादली होती, म्हणजे ज्या गोष्टीची थोरलीला चीड होती तीच गोष्ट ती रोज करत होती. सकाळी जिन्याखाली वाटा वेगळ्या व्हायच्या. तिथं थोरली माझ्यावर टकटक करायची.

"आहेस का?"

"आहे."

"मग नीघ, उशीर होतोय."

धाकटीची सवय काही सुटली नाही. लोकांच्या बाथरूममध्ये एकटी असताना तिचा हात आपोआप माझ्यावर पडायचा. "ताई, आहेस का?" मग स्वतःशीच हसायची. एका घरी शेजारच्या खोलीतून अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंनी उत्तर दिलं, "आहे गं बाई, अजून आहे." त्या दिवशी धाकटी इतकी हसली की तिला माझ्या काठाचा आधार घ्यावा लागला. घरी जाऊन थोरलीला सांगितलं, तीही हसली. दोघींना एकत्र हसताना मी पाहिलं ते शेवटचंच.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी तिथं नव्हते. मला घेतलं कशासाठी होतं ते आठवा आणि मग हे वाक्य पुन्हा वाचा.

नंतर लोक बोलले त्यातून कळलं ते असं. त्या घरातलं बाथरूम तुंबलं होतं. कुणीतरी सकाळी त्यात ॲसिड ओतून ठेवलं आणि सांगायचं राहून गेलं. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले होते. थोरली ब्लीच घेऊन आत गेली, आणि पाहुण्यांना वास नको म्हणून तिनं दार घट्ट लोटून घेतलं. बाहेर बसलेल्यांना नळाचा आवाज येत होता, म्हणजे काम चालू आहे. दाराखालून पाणी येऊन गालिचा भिजायला लागला तेव्हा घरमालकानं आवाज दिला, "अहो बाई, पाणी बाहेर येतंय!" पुन्हा दिला, जरा चिडून. मग गालिचा गुंडाळून उचलला. आणि त्यानंतर दार उघडलं.

दाराला कडी नव्हती लावलेली. नुसतं लोटलेलं होतं.

धाकटीला फोन आला तेव्हा मी तिच्या हातात होते. ती तशीच धावत सुटली. मला खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. जिने, रस्ता, दवाखान्याच्या पायऱ्या, सगळीकडे माझ्यातलं घाण पाणी तिच्या निळ्या कपड्यांवर हिंदकळत होतं. दवाखान्यातला माणूस म्हणाला, "बादली बाहेर." मग ती एका बंद दाराशी बसली आणि मी तिच्याजवळ. नेहमीच्या जागी. तिनं माझ्यावर टकटक केली.

"ताई, आहेस का?"

लोक वळून बघायला लागले. तिनं पुन्हा वाजवलं, जोरात. "ताई, बोल ना गं. आहेस का?" कचेरीतून धावत आलेला भाऊ समोर उभा होता. "हे काय करतेस?" त्यानं विचारलं. तेव्हा त्या दाराबाहेर, माझ्यावरचा हात न काढता, धाकटीनं त्याला सगळं सांगितलं. आधीचा प्रसंग, लाथेनं उघडलेलं दार, जिन्यातला शब्द. "बाहेरची काय करते, असं विचारलं होतं ना त्या मॅडमनी? हे करते."

दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. 'घर साफ करताना महिलेचा गुदमरून मृत्यू. निष्काळजीपणाचा संशय.' निष्काळजीपणा कुणाचा, हे त्या चार ओळींत मावलं नाही. तपासाला माणसं येण्याआधी त्या घरानं स्वतःचं बाथरूम स्वतः धुऊन काढलं, बहुधा जन्मात पहिल्यांदाच. पांढरी बादलीही घासून, पुसून, कोरडी करून परत पाठवली. ती उंबऱ्यापाशी ठेवली होती तेव्हा शेजारीपाजारी बघून हळहळत होते. तिला कसलाच वास येत नव्हता. मी इतकी वर्षं तिच्या शेजारी राहिले, आणि त्या दिवशी ती मला ओळखू आली नाही.

त्याच आठवड्यात कंपनीच्या फोनवर एका बाईंचा आवाज आला. "झालं ते फार वाईट झालं हो. मनाला चटका लागला. बरं, आमच्याकडे परवा दुसरी कुणी पाठवता का?"

भावानं प्लॅन काढला. खोडलेल्या ओळीखाली तीच ओळ पुन्हा लिहायला बसला. अक्षर तिरकं जात होतं, पट्टी जवळ असून त्यानं घेतली नाही.

"आता लिहून काय करतोस?" धाकटीनं विचारलं. तिनं त्याच्याशी बोललेलं ते शेवटचं पूर्ण वाक्य.

मग एका सुट्टीच्या सकाळी धाकटी मला उचलायला आली तर मी भावाच्या हातात होते. दुसऱ्या हातात पांढरी. त्यानं बाह्या दुमडल्या होत्या. धाकटी चालायला लागली. तो मागोमाग.

त्याला फडकं धड पिळता येत नाही. निम्मं पाणी फरशीवर सांडतो. पण बाथरूमची वेळ आली तेव्हा धाकटी पांढरी घेऊन आत गेली, दार लोटलं गेलं, आणि तो माझ्याजवळ उकिडवा बसला. मग बोटाच्या पेरानं माझ्यावर टकटक केली. हलकी, चोरट्यासारखी.

"आहेस का?"

आत पाणी पडत होतं. उत्तर आलं नाही. तो उभा राहिला, हात दारावर गेला. तेव्हा आतून आवाज आला.

"आहे."

तो पुन्हा खाली बसला, कपाळ माझ्या काठावर टेकवून.

आता असंच चाललंय. भावाच्या सुट्टीच्या दिवशीच कंपनीचं काम. इतर दिवशी धाकटी एकटी कुठंही जात नाही, कुणीही कितीही फोन केले तरी. त्यामुळे घरं थोडी, आणि कर्जाच्या संस्थेचे कागद वरचेवर दाराखालून येतात. पाटी किती दिवस टिकेल सांगता येत नाही. घरी दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ताटं वाढली जातात, दिवे मालवले जातात, पण बोलणं नाही. बोलणं होतं ते फक्त परक्यांच्या बाथरूमच्या दारातून. तो विचारतो, ती एका शब्दात उत्तर देते. भावंडांमध्ये तेवढाच एक शब्द उरलाय, आणि तो मी ऐकते.

माझ्या काठाची चीर आता तळाकडे उतरायला लागली आहे. एक दिवस मी फुटेन, पुन्हा कुठल्यातरी भट्टीत जाईन, आणखी कशाचा तरी लगदा होईन. त्याचं मला काही वाटत नाही. माझा आवाज तेवढा जाईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तुमच्या घरी आज ना उद्या कुणीतरी येईल, तुमचं बाथरूम घासायला आत जाईल, आणि तुम्हाला त्रास नको म्हणून दार लोटून घेईल. नळाच्या आवाजावर विसंबू नका. उठा, दाराशी जा, हाताला लागेल ते वाजवा आणि विचारा, आहेस का. उत्तराला उशीर झाला तर दार ढकला.

त्या कडी लावत नाहीत.